शेतावरील कुत्रा : त्याची निगा, शिक्षण व रोगप्रतिबंध

खानदेशातील कोणत्याही मळ्यावर गेले असता येणाऱ्याची पहिली चौकशी कुत्राच करतो. रावेर-यावलच्या केळीबागा असोत, चोपडा-शिरपूरकडील कपाशीची शेते असोत, की साक्री तालुक्यातील ठेलारी मेंढपाळांचे वाडे असोत, रात्रीच्या राखणीचे काम त्याच्याकडेच असते. असे असूनही बैलाची पेंड व गाईचा चारा यांचा काटेकोर हिशेब ठेवणारा शेतकरी कुत्र्याच्या बाबतीत मात्र उदासीन असतो. उरलेसुरले अन्न खाऊन तो आपला आपण जगेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत केवळ कुत्र्याच्याच नव्हे, तर घरातील मुलामाणसांच्या व गोठ्यातील जनावरांच्याही जिवावर बेतू शकते. पाळलेला कुत्रा वेगळा व वस्तीवर नुसता राहिलेला कुत्रा वेगळा. पहिला राखण करतो, दुसरा रोग आणतो. हा फरक कुत्र्याच्या जातीमुळे पडत नसून धन्याच्या निगेमुळे पडतो. ती निगा अल्प खर्चात कशी राखावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

पिलाची निवड

शेतावरील राखणीसाठी महागडे विदेशी कुत्रे आणण्याचे कारण नाही. दाट केसांची, थंड प्रदेशातील जातीची कुत्री खानदेशच्या उन्हाळ्यात हाल सोसतात. आपल्याकडील गावठी कुत्रा आखूड केसांचा, काटक, मोजक्या आहारावर राहणारा व येथील हवामानास सरावलेला असतो. दक्षिण महाराष्ट्रातील कारवानी व कर्नाटकातील मुधोळ ही कुत्री धावण्यात तरबेज असली तरी त्यांचा मूळ उपयोग शिकारीसाठी आहे. मळ्याच्या राखणीस निरोगी गावठी पिलू पुरेसे होते.

पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत त्याला आईपासून तोडू नये. याहून लवकर तोडलेली पिले अशक्त राहतात. शिवाय भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे याची जी मर्यादा पिलू शिकते, ती ती शिकत नाहीत. निवड करताना डोळे स्वच्छ, नाक कोरडे न पडलेले, अंगावरील केस एकसारखे व पोट बेताचे आहे हे पाहावे. हातपाय किडकिडीत व पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले असल्यास जंत झाले आहेत असे समजावे. हाक मारताच दबकत का होईना पण जवळ येणारे पिलू घ्यावे. कोपऱ्यात दडणारे भित्रे पिलू मोठेपणी भीतीपोटी चावण्याचा संभव अधिक असतो.

आहार व पाणी

दोन ते चार महिन्यांच्या पिलास दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व त्यानंतर दोन वेळा खाऊ घालावे. वेळ व जागा ठरलेली असावी. ज्वारी-बाजरीची भाकरी वरणात वा ताकात कुस्करून दिल्यास पोट भरते, परंतु वाढत्या पिलाचे तेवढ्यावर भागत नाही. त्यास उकडलेले अंडे, शिजवलेली डाळ, मांसाचे शिजवलेले तुकडे यांपैकी काहीतरी रोज मिळावे. दूध पचत नसल्यास हगवण लागते. अशा पिलास दुधाऐवजी ताक द्यावे.

खानदेशी स्वयंपाक तिखट व तेलाचा असतो. शेवभाजीचा रस्सा किंवा वांग्याची भाजी कुत्र्यापुढे ओतणे योग्य नव्हे. कांदा व लसूण यांच्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व त्यास पांडुरोग होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. द्राक्षे व मनुका यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटही विषारी आहे. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या होऊन आतडे फाटण्याचा धोका असतो, म्हणून तीही देऊ नयेत.

पाण्याचे भांडे मातीचे व जड असावे. ते सावलीत ठेवून दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात तीन-चारदा भरावे. फवारणीचे पंप धुतलेल्या पाण्याच्या डबक्याजवळ कुत्र्यास फिरकू देऊ नये. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष कुत्रा सहज खातो. आमिष बिळात खोल ठेवून बीळ बुजवावे व मेलेले उंदीर पुरून टाकावेत.

निवारा व उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ या भागांत पारा ४४-४५ अंशांपलीकडे जातो. माणसास वा बैलास घाम येऊन अंग थंड होते. कुत्र्यास पंजांचे तळवे सोडल्यास अंगावर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग होय. म्हणून पत्र्याच्या छपराखाली साखळीने बांधलेला कुत्रा उन्हाळ्याच्या दुपारी मरणाच्या दारात असतो. पत्र्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या वा केळीची वाळलेली पाने पसरावीत. शक्य तर कुत्र्याची जागा निंबाच्या किंवा आंब्याच्या झाडाखाली करावी. सकाळी नवानंतर व सायंकाळी पाचापूर्वी त्यास गाडीबरोबर पळवू नये.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ऊन लागलेला कुत्रा सारखा धापा टाकतो, त्याच्या तोंडातून चिकट लाळ गळते, हिरड्या लालभडक होतात, तो झोकांड्या खातो व अखेर कोसळतो. अशा वेळी त्यास तत्काळ सावलीत नेऊन सर्वांगावर, विशेषतः पोट व जांघा यांवर, साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा व शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पाजावे. अंग गार करण्यास आरंभ केल्यानंतरच त्यास दवाखान्यात न्यावे. आधी वाहन शोधण्यात वेळ दवडल्यास उपचाराचा उपयोग राहत नाही.

रात्रीची राखण व बिबट्या

सातपुड्याच्या पायथ्याशी व चाळीसगावकडील गौताळा-औट्रम घाटाच्या परिसरात बिबट्याचा वावर असतो. उंच उसात व दाट केळीत त्यास लपण्यास जागा मिळते. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले, ती आठवण अद्याप ताजी आहे. या संदर्भात एक गोष्ट प्रत्येक वस्तीवरील शेतकऱ्याने ध्यानात ठेवली पाहिजे. अकोले तालुक्यातील शेतीबहुल भागात बिबट्यांच्या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झाला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारातील सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा असल्याचे आढळले. म्हणजे शेतवस्तीवरील कुत्रा हे बिबट्याचे मुख्य भक्ष्यच होय.

यावरून उघड होते की, अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा बिबट्यास अडवीत नाही, उलट त्यास घराच्या दाराशी आणतो. बांधलेल्या कुत्र्यास पळता येत नाही व झुंजताही येत नाही. यास्तव अशा भागात रात्री कुत्र्यास चारी बाजूंनी व वरून मजबूत जाळी लावलेल्या खुराड्यात किंवा बंदिस्त गोठ्यात ठेवावे. भुंकण्याने धन्यास सावध करण्याचे त्याचे काम तो तेथूनही चोख करतो. हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा रुंद पट्टा बांधतात, कारण बिबट्या प्रथम गळा धरतो. रात्री वाड्याभोवती मोकळी राहणारी मेंढपाळांची कुत्री आपल्याकडेही असतात; त्यांना असा पट्टा करून देणे हिताचे आहे. घराजवळ मेलेली जनावरे व कोंबड्यांची घाण टाकू नये. तिच्यासाठी भटकी कुत्री जमतात व त्यांच्यामागे बिबट्या येतो.

गोचीड, जंत व गोठ्याचे आरोग्य

कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत व मानेखाली गोचीड आहेत की काय, हे दर आठवड्यास पाहावे. गोचिडांमुळे रक्त तर आटतेच, शिवाय रक्तात जंतू शिरून ताप, नाकातून रक्त येणे, लघवी लाल होणे असे विकार होतात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. कपाशीवर मारण्याचे कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगास चोळण्याची घातक प्रथा काही ठिकाणी दिसते. ते औषध कातडीतून व चाटण्यावाटे शरीरात जाऊन कुत्रा लाळ गाळीत, झटके देत मरतो. चोळणाऱ्यालाही विषबाधा होते. कुत्र्यांसाठी असलेले औषधच, पशुवैद्यकास वजन सांगून, वापरावे. गुरांचे इंजेक्शन अंदाजाने कुत्र्यास देऊ नये. औषधाबरोबरच कुत्र्याची जागा, भिंतींच्या भेगा व अंथरलेले पोते यांचीही सफाई करावी, कारण गोचिडी अंडी तेथेच घालते.

पिलास दोन-तीन आठवड्यांचे असताना जंताचे पहिले औषध द्यावे. पुढे तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा व त्यानंतर दर तीन महिन्यांनी ते देत जावे.

या बाबतीत दोन रोगांची माहिती पशुपालकास असणे अगत्याचे आहे. शेळी-मेंढी कापल्यावर पाण्याने भरलेल्या गाठी असलेले यकृत वा फुप्फुस कुत्र्यापुढे टाकले जाते. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात अगदी बारीक पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि चारा, पाणी, भाजीपाला किंवा कुत्र्यास कुरवाळलेले हात यांतून माणसाच्या पोटात जातात. पुढे माणसाच्या यकृतात वा फुप्फुसात तशाच गाठी वाढतात व शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून कापलेल्या जनावराचे आतील अवयव कुत्र्यास कच्चे कधीही घालू नयेत. ते पुरावेत किंवा भरपूर उकळावेत. दुसरे असे की, गाय-म्हैस व्याल्यावर पडलेली वार किंवा गाभडलेले वासरू कुत्र्याने खाल्ल्यास एका विशिष्ट सूक्ष्म परजीवीची लागण त्यास होऊ शकते. पुढे त्याच्या विष्ठेने दूषित झालेला चारा खाऊन गाई गाभडतात. वार खोल पुरावी आणि कुत्र्यास चाऱ्याच्या गंजीवर व गव्हाणीत बसू देऊ नये.

लसीकरण

पिलांचे बळी घेणारे दोन रोग म्हणजे डिस्टेंपर व पार्व्हो. डिस्टेंपरमध्ये ताप, डोळ्यांतून-नाकातून घाण, खोकला व पुढे झटके ही लक्षणे दिसतात. पार्व्होमध्ये वांत्या व रक्ताची दुर्गंधीयुक्त हगवण लागून पिलू दोन-चार दिवसांत दगावते. या दोहोंची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देऊन चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते; त्यानंतरची मात्रा पशुवैद्यक सांगेल तेव्हा द्यावी. डिस्टेंपरचा विषाणू वन्य प्राण्यांनाही लागतो. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले, त्या वेळी त्यांच्यात हाच विषाणू आढळला होता. सातपुड्यालगतच्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरण हे या दृष्टीने जंगलाचेही रक्षण होय.

पिसाळण्याच्या रोगाची, म्हणजे रेबीजची, लस पिलू तीन महिन्यांचे होताच टोचून घ्यावी, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने महिन्याभराने दुसरी मात्रा द्यावी व पुढे दरवर्षी न चुकता टोचावी. लस २ ते ८ अंश सेल्सियस तापमानातच टिकते. मे महिन्याच्या उन्हात खिशात घालून आणलेली लस टोचली काय अन् न टोचली काय, सारखेच. ती बर्फाच्या डब्यातून आणावी, किंवा कुत्राच दवाखान्यात न्यावा. टोचल्याची तारीख कार्डावर लिहून घ्यावी.

कुत्रा चावल्यास

मनुष्यांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकार कुत्र्यांमुळे होतात. एकदा लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. परंतु चावल्याबरोबर योग्य उपचार केल्यास रोग टळतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली एका मुलास लस टोचून हे प्रथम दाखविले. भारतात १९०० साली कसौली येथे व १९०७ साली कुन्नूर येथे यासाठी संस्था स्थापन झाल्या. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत व त्यांच्या भीतीने पुष्कळ लोक उपचार टाळीत. ती जुनी लस आता राहिलेली नाही. २००४ साली तिचे उत्पादन भारतात थांबविण्यात आले. आजची लस दंडात टोचतात व तिच्या चार-पाच खेपा पुरतात. ती सरकारी रुग्णालयांत मिळते. तेव्हा जुन्या भीतीने कोणी घरी बसू नये.

चावलेली जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर चुना, तिखट, हळद, तेल वा झाडपाला लावू नये व मंत्र-गंडेदोऱ्यांत वेळ घालवू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रक्त निघाले असल्यास जखमेत व तिच्याभोवती टोचण्याचे प्रतिद्रव्य लसीबरोबरच घ्यावे लागते, याविषयी डॉक्टरांस आवर्जून विचारावे. ठरलेली एकही खेप चुकवू नये. लहान मूल ओरखडा लपवते, म्हणून मुलांस रागे न भरता विचारावे. चावणारा कुत्रा मारू नये. शक्य तर सुरक्षित कोंडून दहा दिवस पाहावा. मात्र त्याच्या निकालासाठी उपचार थांबवू नयेत.

पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून चावतोच असे नाही. काही कुत्री सुस्त होऊन अंधारात पडून राहतात, खालचा जबडा लुळा पडतो, आवाज बदलतो, गिळता येत नाही. गुरांनाही हा रोग होतो. पिसाळलेली गाय वारंवार हंबरते, लाळ गाळते, खाणे सोडते. घशात काही अडकले असावे असे समजून तिच्या तोंडात हात घालणे अत्यंत धोक्याचे आहे. अशा जनावरापासून दूर राहून पशुवैद्यकास बोलवावे. त्याचे दूध कच्चे पिऊ नये. चावा घेतलेल्या गुरासही जखम हातमोजे घालून साबणाने धुतल्यानंतर लसीची मालिका द्यावी लागते.

शिक्षण

कुत्र्यास शिकविणे हे काठीचे काम नव्हे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतून दिसले की, एखादी खूण व तिच्यामागून मिळणारे अन्न यांची सांगड कुत्र्याच्या मनात पक्की बसते. हेच तत्त्व शिक्षणात वापरावयाचे आहे. सांगितलेले काम करताच क्षणार्धात भाकरीचा तुकडा व शाबासकी द्यावी. बक्षीस उशिरा मिळाल्यास ते कशाबद्दल, हे त्यास कळत नाही. तद्वतच सकाळच्या चुकीबद्दल संध्याकाळी मारल्यास त्यास केवळ धन्याचे भय वाटते, चूक कळत नाही.

तीन ते चौदा आठवड्यांचे वय सर्वांत मोलाचे. या काळात पिलास घरची मुले, शेजारी, बैलगाडी, ट्रॅक्टर, शेळ्या, कोंबड्या यांची सौम्यपणे ओळख करून द्यावी. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यास याच वयात कोकरांच्या सहवासात वाढवावे, म्हणजे तो कळपास आपले कुटुंब मानतो. लसी पूर्ण होईपर्यंत मात्र अनोळखी कुत्र्यांत सोडू नये.

पुढे नाव, ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ व ‘सोड’ एवढे पाच शब्द शिकवावेत. मराठी असो वा अहिराणी, घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. बाप ‘बस’ म्हणतो व मुलगा ‘खाली’ म्हणतो, असे झाल्यास कुत्रा गोंधळतो. ‘बस’ शिकविताना तुकडा नाकाजवळ धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर होताच मागील भाग आपोआप टेकतो. त्या क्षणी शब्द उच्चारून तुकडा द्यावा. पाच मिनिटांचा पाठ दिवसातून दोन-तीनदा पुरतो. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही मारू नये. तसे केल्यास तो हाकेस कायमचा पारखा होतो. ‘सोड’ हा शब्द विशेष उपयोगी आहे, कारण तो विषारी आमिष तोंडातून टाकावयास लावतो.

कोंबड्यांमागे वा मोटारसायकलीमागे धावण्याची खोड लागू नये म्हणून पहिल्यापासून दोरी धरून शिकवावे; नजर तिकडून आपल्याकडे वळताच बक्षीस द्यावे. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो. त्यास सकाळ-संध्याकाळ मोकळे फिरवावे. मुलांनाही शिकवावे की जेवणाऱ्या, झोपलेल्या व पिले पाजणाऱ्या कुत्र्यास छेडू नये, व अंगावर आलेल्या कुत्र्यापुढे पळू नये.

पैदाशीवर नियंत्रण

कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते व सुमारे ६३ दिवसांत विते. नको असलेली पिले गावाबाहेर सोडून देणे क्रूरपणाचे आहे व भटक्या कुत्र्यांची संख्या वाढविणारे आहे. सहा महिन्यांनंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नर वा मादीची नसबंदी करून घ्यावी. त्यामुळे राखणीची वृत्ती कमी होत नाही; उलट माजाच्या काळातील भटकणे व मारामाऱ्या थांबतात. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये नसबंदी व लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आहे.

गावाचे काम

एका घराने आपला कुत्रा टोचून घेतला म्हणजे गाव सुरक्षित झाले असे नाही. गावातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचल्यास रेबीजची साखळी तुटते, असा जगभरचा अनुभव आहे. म्हणून ग्रामपंचायतीने गावातील कुत्र्यांची मोजणी करून नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने वर्षातून एक दिवस ठरवावा. पाश्चर यांचा स्मृतिदिन २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. तो दिवस यासाठी सोयीचा आहे. तातडीच्या वेळी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

वर्षातून एक रेबीजची लस, चार वेळा जंताचे औषध, रोज दोन वेळचे साधे अन्न, स्वच्छ पाणी व रात्रीचा बंदिस्त निवारा, एवढ्यात कुत्र्याची निगा होते. जो शेतकरी पोळ्याला बैलाची आठवण ठेवतो, त्याने रात्रभर जागणाऱ्या या राखणदाराच्या टोचणीची तारीखही आपल्या दिनदर्शिकेवर टिपून ठेवावी.